मोडी वाचून मिळेल

सर्जेराव थोरात आले तेव्हा मी अंघोळ उरकून नुकताच टेबलाशी बसलो होतो. रविवार होता. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, मागे वळून "आत्ती, ये" म्हणाले, आणि पासष्टीच्या पुढची एक बाई डोक्यावरचा पदर सावरत आत आली. मी खुर्ची पुढे सरकवली. ती खुर्चीवर बसली नाही. भिंतीला पाठ लावून फरशीवरच बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या हातांखाली एक जुनी पिशवी होती.

"ही माझी आत्या, हौसाबाई," सर्जेराव म्हणाले. "निकम वकिलांनी पाठवलंय. कागद वाचून पायजे."

सर्जेरावांना मी तोंडओळखीनं ओळखत होतो. बाजारपेठेत त्यांचं पेंडीचं दुकान होतं. माणूस सरळ, आवाज खालचा. सोमवार पेठेत त्यांचं आजोबांपासूनचं घर होतं, पुढच्या दोन खोल्यांत ते, बायको आणि दोन मुलं, मागच्या दोन खोल्यांत ही आत्या. घर पाडून खाली गाळे आणि वर राहायला असं बांधायचं त्यांच्या मनात तीन वर्षांपासून होतं. आत्या हलायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, मागच्या दोन खोल्या तिच्या वडलांनी तिला लिहून दिल्यात, कागद आहे. कागद होता, पण मोडीत. घरात कुणालाच वाचता येत नव्हता. बेचाळीस वर्षं तो तसाच होता.

सर्जेरावांनी सगळं नीट सांगितलं. आत्याला ते टाकणार नव्हते, नव्या घरात तिला मागे एक खोली काढून देणार होते. पण ती म्हणते तसं खरंच लिहिलेलं असेल तर वकील म्हणतात बांधकामाला हात लावू नका, आणि नसेल तर विषय संपला. महिनाभर समजूत घातल्यावर ती एकदाच कागद दाखवायला कबूल झाली होती. एकदाच, एकाच माणसाला, आणि कागद तिच्या डोळ्यांआड जायचा नाही.

"तुम्ही वाचाल ते दोघांनाबी मान्य," सर्जेराव म्हणाले. "असं ठरलंय आमचं. काय आत्ती?"

तिनं पिशवीची नाडी सोडायला सुरुवात केली.

लोक माझ्याकडे मोडी वाचायला का येऊ लागले, ते आधी सांगायला हवं.

मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला कारकून होतो. आमचं कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. नदी उशाशी आणि तरी सकाळी दहापासून माझ्या खिडकीसमोर रांग. पाणी आलं नाही, आलं तर गढूळ, शेजाऱ्यानं मोटर लावली. अठरा वर्षं मी एकच वाक्य बोलत होतो, "अर्ज द्या, बघतो." घरी आलो की कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. सुलभा, माझी बायको, चहा ठेवायची आणि काही न विचारता आत जायची. तिलाही कळलं होतं की दिवसभरात माझ्यातलं जे काही बोलण्याजोगं असतं ते खिडकीतून लोक घेऊन गेलेले असतात.

मोडी मला आबा ढवळीकरांनी शिकवली. ते पालिकेच्या रेकॉर्डचे जुने कारकून. मला नोकरी लागली तेव्हा त्यांच्या नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. लाल रुमालांत बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या त्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसायचो. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायचं. शब्द कुठं तुटतो ते कागद सांगत नाही, आपण ओळखायचं. पहिले सहा महिने मला ती नुसती वेलबुट्टी दिसत होती. मग एक दिवस त्यातून 'विहीर' हा शब्द वर आला. तो आनंद मला अजून आठवतो. त्यानंतर आबा गेले, पण मी जुन्या कागदांच्या रद्दीतून, ओळखीच्या घरांतून मोडी कागद मागून आणून वाचत बसायचो. कुणाच्या मुंजीचं आमंत्रण, कुणी कुणाला लिहिलेली तक्रार, म्हशीची खरेदी. मला त्यातून काही मिळवायचं नव्हतं. दोन तास गेले की डोकं धुऊन काढल्यासारखं व्हायचं.

ऑफिसात माझ्या शेजारी मुजावर बसायचा. तो सुट्टीच्या दिवशी लोकांचे टेपरेकॉर्डर दुरुस्त करून द्यायचा. मेधाच्या, माझ्या मुलीच्या, पुढच्या शिक्षणाचं बोलणं निघालं तेव्हा तोच म्हणाला, "पोतदार, तुमच्याजवळ एवढी विद्या आहे आणि फुकट घालवताय. आवडीचं काम असलं की दमायला होत नाही, माझं बघा." सुलभानं ते मनावर घेतलं. पुढच्या खोलीतला दिवाण तिनं हलवला, माझ्यासाठी टेबल आणि मोठं भिंग आणलं, आणि पत्र्याची पाटी रंगवून घेतली: मोडी वाचून मिळेल. रविवार सकाळी ९ ते १.

पहिले काही महिने मी खरंच सुखात होतो. पैसे थोडे यायचे, पण कागद किती तऱ्हेचे यायचे! मग निकम वकिलांनी बोलावलं, मग दुसऱ्या वकिलांनी, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं येऊ लागली. वर्षभरात माझा रविवारही सोमवारासारखा झाला. कारण कागदात काय आहे हे जाणून घ्यायला कुणी येतच नव्हतं. प्रत्येक जण आपल्याला काय हवंय ते ठरवून यायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. "एवढंच वाचा." "इथं आमच्या पणज्याचं नाव असेल, बघा." नसलं की माझ्यावर राग. एकदा एका माणसाला मी वाचून दाखवलं की ज्या मळ्याला तो आपला म्हणत होता तो त्याच्या आजोबांनी नुसता कसायला घेतला होता. तो उठला आणि अनवाणीच निघून गेला. चपला दारात राहिल्या. आठ दिवस त्या तिथंच होत्या, शेवटी सुलभानं उचलून ठेवल्या. त्यानंतर मी मुजावरला म्हणालो की मला दमायला होतंय. तो म्हणाला, मग थोडे दिवस बंद ठेवा. पण मेधाचं नाव सांगलीच्या कॉलेजात घातलेलं होतं, बंद ठेवणं जमण्यासारखं नव्हतं.

तर त्या रविवारी हौसाबाईंनी पिशवीतून खणाच्या कापडाची घडी काढली, तिच्यातून दुसरी, आणि मग कागद. आठ पदरी घडी. घड्यांवर विरलेला. माझ्या हातात देताना त्यांची बोटं किंचित रेंगाळली.

मी तो टेबलावर उलगडला, दिवा लावला, भिंग घेतलं. सर्जेराव खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. माझी सवय अशी की आधी सगळा कागद मनात वाचायचा आणि मग मोठ्यानं. चौदा ओळी होत्या. वळणदार, सावकाश लिहिलेलं, एखाद्या शाळामास्तरचं असावं असं अक्षर. इतकं स्वच्छ अक्षर मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. भिंगाचीही गरज नव्हती.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. त्यात घराबद्दल एक अक्षरही नव्हतं. खोली नव्हती, जागा नव्हती, हौसाबाईंचं नाव नव्हतं.

मी मान वर केली नाही. भिंग कागदावर फिरवत राहिलो.

"येईल ना?" सर्जेरावांनी विचारलं.

"थांबा."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सुलभा दारातून एकदा डोकावून गेली. मी हौसाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण इतर लोक बघायचे तसं नाही. काही मागत नव्हत्या. बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसलेली बाई बघते तसं बघत होत्या. यायची ती येईल.

"वाचा सायेब," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या. "काय हाय ते हाय."

किती वेळ गेला सांगता येत नाही. फार नसावा. माझ्या मनात दोनच वाटा आल्या. 'हो, घराचंच आहे' असं म्हणून चार ओळी रचून सांगायच्या. सर्जेरावांना कळलं नसतं. पण नसलेलं वाचायचं म्हटल्यावर माझी जीभ उचलेना. आबा ढवळीकरांच्या शेजारी बसून शिकलेल्या माणसाला ते जमत नाही. दुसरी वाट म्हणजे आहे ते वाचायचं, आणि ते वाचलं की अर्ध्या मिनिटात तिची बेचाळीस वर्षं संपली असती. तेही माझ्याच्यानं होईना. त्या अनवाणी माणसासारखी ही बाई माझ्या दारातून जाणार, हे मला दिसत होतं.

मी भिंग खाली ठेवलं.

"नाही लागत हे मला," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"वाचता येत नाही."

सर्जेराव उठून टेबलाजवळ आले. कागदाकडे बघत राहिले. "पण तुम्हाला तर सगळं येतं. निकम वकील म्हणाले, पोतदारांना न लागणारं मोडी नाही."

"हे नाही लागत."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसता श्वास सोडला आणि मला म्हणाले, मग तेवढं लिहून तरी द्या, वकिलांना दाखवायला लागेल. आत्याशी ठरलेलं होतं एकदाच म्हणून. आता ती दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. मी कोरा कागद घेतला. शाई फुटलीय, अक्षर गिचमिड आहे, असं काहीतरी कारण लिहायला हवं होतं, पण त्या सुरेख अक्षराबद्दल खोटं लिहायला हात धजेना. मी स्वतःबद्दल लिहिलं. 'श्रीमती हौसाबाई यांच्याजवळील मोडी कागद मला वाचता आला नाही.' खाली सही, तारीख.

हौसाबाईंनी कागद घेतला, तिथल्या तिथे आठ पदरी घडी केली, खणात गुंडाळला, पुन्हा खणात गुंडाळला. जाताना उंबऱ्याशी थांबून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग भाच्याच्या मागून उतरल्या.

सुलभा बाहेर आली. तिनं आतून ऐकलं होतं.

"खरंच नाही आलं?" तिनं विचारलं.

"नाही."

तिला वाईट वाटलं. माझ्यासाठी वाटलं. ती म्हणाली, होतं कधीकधी, डोळे थकलेत तुमचे, चष्म्याचा नंबर बघून घ्या. त्या दिवशी तिनं मला आणखी कुणाचा कागद घेऊ दिला नाही. तिला खरं सांगावं असं माझ्या मनात आलं, पण ती भावांमध्ये, शेजारणींमध्ये मिसळणारी बाई. आणि मी ते एकदा बोललो असतो तर एवढ्याशा गावात ते राहिलं नसतं.

पुढचं फार सावकाश झालं. सर्जेरावांनी माझी चिठ्ठी निकम वकिलांना दाखवली, मग दुकानात येणाऱ्याजाणाऱ्यांना. वाईट हेतूनं नव्हे. माणूस आपली अडचण चार जणांना सांगतो तशी. दोनेक महिन्यांनी एका जमिनीच्या दाव्यात मी वाचून दिलेल्या कागदासाठी मला कोर्टात साक्षीला उभं राहावं लागलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, एक कागद आपल्याला वाचता आला नाही असं आपण लिहून दिलंय, हे खरं का? मी खरं म्हणालो. मग त्यांनी विचारलं, मोडीची एखादी परीक्षा दिली आहे का? मी म्हणालो, नाही. कुणाकडे शिकलात? मी आबांचं नाव सांगितलं. ते हयात आहेत का? नाहीत. "म्हणजे आपल्याला मोडी येते असं फक्त आपणच म्हणता." मागे कुणीतरी हसलं. निकम वकिलांनी बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यानंतर त्यांच्याकडून एकही कागद आला नाही. इतरांचेही हळूहळू थांबले. दिवाळीच्या आधी साफसफाई करताना सुलभानं पाटी काढली. मला न विचारता काढली आणि मीही ती परत लावली नाही. मेधाचा खर्च सुलभाच्या भावानं उचलला. त्याबद्दल त्यानं कधी ऐकवलं नाही, हे त्याचे उपकार.

डिसेंबरात एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीला खिडकी बंद करून उठलो तर बाहेरच्या बाकावर हौसाबाई बसलेल्या. शिपाई म्हणाला, अकरापासून बसल्यात, पाण्याची तक्रार आहे का विचारलं तर नाही म्हणतात.

मी त्यांना मागच्या बाजूला, बंद पडलेल्या टँकरच्या सावलीत नेलं. तिथं कुणी येत नसे. त्या ऑफिसच्या जोत्यावर बसल्या. मी उभाच राहिलो.

"तुमचं काम सुटलं म्हनं," त्या म्हणाल्या. "सर्जा बोलत हुता. माज्या कागदापायी."

मी म्हणालो, तसं काही नाही, मलाच वेळ होत नव्हता.

"तुमास्नी येत हुतं," त्या म्हणाल्या.

मी टँकरच्या चाकाकडे बघू लागलो.

"मला अक्षर कळत न्हाई, पर मानूस कळतंय. त्या दिशी तुमचं डोळं हालत हुतं. हिकडनं तिकडं, मग खाली, परत हिकडनं तिकडं. ज्याला वाचाय येत न्हाई त्याचं डोळं एका जागी ऱ्हात्यात. माजं ऱ्हात्यात. मी लई येळा कागद उघडून बसलीया."

टँकरच्या सावलीत गार होतं. मला बसावंसं वाटलं, मी बसलो.

"घराचं न्हाई ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय हाय?"

मी त्यांना म्हणालो की राहू द्या, नका विचारू. पण त्या उठल्या नाहीत, आणि मला वाटलं, ज्याचा कागद त्याला तरी कळायला हवं. आठ महिने तो मजकूर मी एकटाच घेऊन फिरत होतो, त्याचाही कंटाळा आला होता. मी सांगितलं. मला पाठच होतं.

"बैलाच्या खुराचं औषध आहे," मी म्हणालो. "खूर सडला तर काय करायचं ते. कडुनिंबाच्या पाल्याच्या गरम पाण्यानं धुवावा. करंजेल घ्यावं, त्यात चिमूटभर मोरचूद आणि कापूर खलावा, बोळा करून खुरात भरावा. सकाळ-संध्याकाळ. नऊ दिवस. चिखलात बांधू नये. एवढंच आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हसतील किंवा रडतील असं वाटलं, दोन्ही झालं नाही.

"आमचा तांबडा बैल लंगडत हुता," त्या म्हणाल्या. "मी रांडमुंड होऊन परत आले त्या साली. आण्णा, माजा बा, शाळंतल्या मास्तराकडनं काय तरी लिवून घिऊन आला हुता."

मग त्यांनी सांगितलं. वर्षभरातच वडील अंथरुणाला खिळले. भाऊ आणि भावजय बोलायचे तसं बोलू लागले होते. एक दिवस घरात कुणी नसताना वडलांनी पेटी उघडायला लावली, आतून हा कागद काढून तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, ह्यात मागल्या दोन खोल्या तुज्या नावानं हायत, कुनाच्या हातात दिऊ नगंस. चार दिवसांनी ते गेले.

"त्यांना वाचता येत होतं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग चुकून दुसराच कागद दिला असेल."

"आसंल," त्या म्हणाल्या. "न्हाईतर लिवलेलंच काय नसंल. हातात कायतरी आसावं म्हून दिला आसंल. आता कुनाला इचारू."

आत ऑफिसात घंटा झाली. सुट्टी संपली होती. मी उठलो आणि मला सुचलं ते बोललो. म्हणालो, हे मी कुणाला सांगणार नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्ही पूर्वीसारखंच म्हणत राहा, माझा कागद आहे म्हणून.

त्या जोत्याला हात टेकून उठल्या. पदर नीट केला.

"इतकी वर्सं मी खरं बोलत हुते सायेब," त्या म्हणाल्या. "आता खोटं बोलावं लागंल."

आणि टँकरला वळसा घालून त्या गेल्या. मी खिडकी उघडली. पुढच्या माणसाचं पाणी तीन दिवस आलं नव्हतं. मी त्याला म्हणालो, अर्ज द्या, बघतो.

त्या दिवशी मला पहिल्यांदा असं वाटलं की मी तेव्हा वाचलं नाही ते बरं केलं, आणि नंतर सांगितलं ते वाईट केलं. की उलट? मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी मी मोडीचे कागद ठेवलेली ट्रंक उघडली नाही. पुढेही फारशी उघडली नाही. तिच्यातले कागद तेच होते, मला येतही होतं, पण बसावंसं वाटेना.

हौसाबाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. बाजारात एकदोनदा लांबून दिसल्या असतील. सोमवार पेठेतून जाताना मी थोरातांच्या घराकडे बघायचो. घर होतं तसंच होतं. गाळे झाले नव्हते. एक वर्ष गेलं, दोन गेली. मला नवल वाटायचं, पण विचारणार कुणाला?

सहा वर्षांनी, मार्चमध्ये, सर्जेराव माझ्या खिडकीशी आले. डोक्याचे केस नुकते उगवत होते. आत्या गेली म्हणाले. महिना झाला. मागच्या खोलीत, झोपेतच. मागच्या खोलीतला नळ तिच्या नावावर होता, तो बंद करून घ्यायचा होता आणि आता घर पाडून बांधायला काढायचं होतं.

मी त्यांना आत बोलावून बसवलं. अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. ते लिहीत असताना मी विचारलं, "इतकी वर्षं थांबलात तुम्ही."

त्यांनी पेन थांबवलं. "थांबावंच लागलं. तुम्ही वाचता येत नाही म्हणालात तेव्हा मी वकिलांना म्हणालो, मग कोर्टातच जाऊ, तिथं कागद काढावाच लागेल तिला. तयारी पण केली होती. पण तेवढ्यात आत्ती बदलली. आधी उठसूट त्या कागदाचं नाव काढायची. भांडण झालं की कागद, पाहुणा आला की कागद. आन् त्या थंडीपासनं एकदम गप्प. एक शब्द नाही. मी मुद्दाम विषय काढला तरी उठून आत जायची. वकील म्हणाले, सर्जेराव, तिनं नक्की कुणाकडनं तरी वाचून घेतलाय. आता तिची खात्री झालीय, म्हणून बोलत नाही. कागदात आणखी काय निघेल कोण जाणे, दावा लावाल तर पुढच्या खोल्याही जातील. मग मी नाद सोडला."

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. रांगेत पाचसहा माणसं उभी होती.

"कागद कुठं आहे?" मी विचारलं.

"नाही सापडला. सगळी खोली शोधली. पिशवी होती, खण होते, आत काही नव्हतं." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आता ती नाही, कुणाचं काही जायचं नाही म्हणून विचारतो. काय होतं हो त्यात? तुम्हाला काहीच लागलं नव्हतं? एखादा शब्द?"

त्यांचा चेहरा थकलेला होता. सहा वर्षं आपल्याच घरात त्या कागदाला भिऊन राहिलेला माणूस. त्याला सांगितलं असतं तर कदाचित तो हसला असता. पण हौसाबाई त्याच्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या नुसत्या गप्प राहिल्या होत्या, आणि ते त्यांना सहा वर्षं पुरलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला वाचता आलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि अर्जावर सही केली. मी तारीख बघितली, शिक्का मारला आणि म्हणालो, चारपाच दिवसांत माणूस येऊन नळ काढून जाईल.